मनाचं शास्त्र आणि टपालपेटी

गेली काही वर्षं ओळखीच्या घरांतून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "बाई, मुलीला मानसशास्त्रात एम.ए. करायचंय. घरबसल्या इंटरनेटवरून करता येतं म्हणे. करू दे का?" कधी मुलगी असते, कधी सून, कधी आमच्याच व्यवसायातला एखादा तरुण शिक्षक. पुढं समुपदेशक व्हायचं, ही इच्छा बहुतेकांची.

२०२५ साली या प्रश्नाचं उत्तर सरकारी पातळीवरच बदललं. त्याकडे येतेच, पण आधी थोडा इतिहास. वर्गात इतिहास शिकवण्यात उमेद गेली, सवय काही सुटत नाही! शिवाय लांबून शिकणं ही इंटरनेटनं आणलेली नवलाई आहे असं नव्या मंडळींना वाटतं, ते तितकंसं खरं नाही. मनाचं शास्त्र तर आपल्या देशात अगदी सुरुवातीपासून टपालानं शिकलं गेलं आहे.

आधी आमच्या भागाचं सांगते. जुन्नरहून पुणं सुमारे ९५ किलोमीटर. आंबेगाव तालुक्यातल्या आहुपे-भीमाशंकरकडच्या वाड्यांना तर घोडेगाव गाठायचं म्हणजेच अर्धा दिवस जाई. मुलीला पुण्यात खोली घेऊन ठेवणं ही मोजक्या घरांना परवडणारी गोष्ट. मग उरायचा 'बहिःस्थ' हा मार्ग. डी.एड. करायचं, नोकरी धरायची आणि विद्यार्थी नसलेला विद्यार्थी म्हणून बी.ए.ला बसायचं. आमच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षक-शिक्षिकांची पदवी अशीच आहे, माझीही. पुस्तकं मागून आणायची, मुलं झोपली की वाचायची, रजा काढून परीक्षा द्यायची. मधे शंका आली तर विचारायचं कुणाला? कुणालाच नाही.

मानसशास्त्राची पहिली ओळख डी.एड.च्या पुस्तकात झाली. पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचं मांजर आणि कोहलरचा चिंपांझी. अभिसंधान, प्रबलन असे जडजड शब्द आम्ही पाठ केले आणि पेपरात लिहिले. मात्र शेवटच्या बाकावरचा पोरगा आठवडाभर कुणाशी बोलत नसला, तर त्याच्यासमोर कुत्रा आणि मांजर दोघंही कामाला येत नाहीत, हे पहिल्या वर्षातच कळलं. शास्त्र माहीत असणं वेगळं आणि माणसासमोर बसणं वेगळं. पुढं जे सांगायचंय ते याच फरकाबद्दल आहे.

लांबून शिकवण्याची रीतसर सोय आपल्याकडे हळूहळू आली. १९६२ साली दिल्ली विद्यापीठानं पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. मुंबई विद्यापीठानं १९७१ मध्ये तशी सोय केली. इंग्लंडमधलं मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं आणि १९७१ मध्ये तिथले पहिले विद्यार्थी शिकू लागले. रेडिओ-टेलिव्हिजनवरून धडे आणि टपालानं स्वाध्याय, हा त्यांचा प्रकार जगभर गाजला. आपल्याकडे १९८२ मध्ये हैदराबादला पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ मध्ये इग्नू आलं आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. ज्यांची शाळा लग्नापायी सुटली होती अशा बायका चाळिशीत पुन्हा पुस्तकं घेऊन बसल्या, त्या यामुळेच. 'बहिःस्थ' आणि 'मुक्त' या दोन शब्दांतच फरक बघा. पहिल्यात तुम्ही बाहेरचे, दुसऱ्यात दार उघडं.

आता मनाच्या शास्त्राकडे वळू.

१९०९ साली फ्रॉइडनं एक निबंध प्रसिद्ध केला. पाच वर्षांच्या एका मुलाला घोड्यांची विलक्षण भीती बसली होती. त्याच्यावरचे उपचार फ्रॉइडनं जवळपास सगळेच त्याच्या वडिलांमार्फत केले. वडील मुलाचं बोलणं टिपून कळवायचे, फ्रॉइड मार्गदर्शन करायचा. उपचारांच्या काळात फ्रॉइडनं त्या मुलाला एकदाच समोर बसवलं. म्हणजे मनावरचे 'दूरस्थ' उपचार शंभर वर्षांहून जुने आहेत. निष्कर्ष बरोबर होते का, यावर विद्वान आजही भांडतात, तो भाग वेगळा.

त्यानंतर बारा वर्षांनी आपल्या देशात काय झालं, ते त्याहून महत्त्वाचं. कलकत्त्याला गिरींद्रशेखर बोस नावाचे डॉक्टर होते. कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग १९१६च्या सुमारास सुरू झाला होता आणि याच विद्यापीठानं १९२१ मध्ये बोसांना मानसशास्त्रातली डी.एस्सी. दिली. आपला प्रबंध त्यांनी व्हिएन्नाला फ्रॉइडकडे पाठवला. तिथून उत्तर आलं आणि पुढं पंधराएक वर्षं पत्रं सुरू राहिली. दोघं आयुष्यात एकदाही भेटले नाहीत. १९२२ मध्ये बोसांनी कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली. मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी, की बोस नुसतेच शिष्य राहिले नाहीत. माणसाच्या मनात परस्परविरोधी इच्छा जोडीनं असतात, असा स्वतःचा सिद्धांत त्यांनी मांडला आणि जिथं पटलं नाही तिथं गुरूला तसं लिहून कळवलं.

तिसरं उदाहरण आपल्या घरचं, मराठी माणसाचं. मुंबईचे कि. मो. फडके. न्यूयॉर्कचे डॉ. अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी १९५५ पासून विवेकनिष्ठ उपचारपद्धती विकसित केली. साठच्या दशकाच्या अखेरीस फडक्यांनी त्यांना पत्रं लिहायला सुरुवात केली आणि तो पत्रव्यवहार तीन दशकांहून जास्त चालला. त्यातूनच फडके या पद्धतीत पारंगत झाले, एलिस यांच्या संस्थेचे फेलो आणि पर्यवेक्षक झाले आणि मुंबईत त्यांनी सामान्य माणसांनाही ती शिकवली. पुढं डॉ. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या पुस्तकानं एलिस मराठी वाचकांच्या ओळखीचे झाले. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेच्या कामातही विवेकनिष्ठ विचाराला मोठं स्थान आहे.

एलिस यांचं म्हणणं आमच्याकडच्या भाषेत सांगते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव कोसळला, ही झाली घटना. शेतकरी खचला, हा झाला परिणाम. आपल्याला वाटतं घटनेमुळे परिणाम झाला. एलिस म्हणतात, मधे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मनातली समजूत. 'यंदा नुकसान झालं, फार वाईट झालं' असं म्हणणारा माणूस दुःखी होतो, पण पुढच्या हंगामाचा विचार करू शकतो. 'माझं सगळं संपलं, आता तोंड कसं दाखवू' असं म्हणणारा खोल गर्तेत जातो. भाव आपल्या हातात नाही, समजूत मात्र तपासता येते. अर्थात कर्ज खरंच असतं, ते समजूत बदलून फिटत नाही. पण ते फेडायला माणूस जिवंत आणि उभा राहावा लागतो.

आता या सगळ्यात समान काय, ते पाहा. पत्राला उत्तर येत होतं. शिकणारा लिहायचा, 'मी असं समजलो, असं केलं', आणि पलीकडे एक जाणता माणूस ते वाचून दुरुस्त करायचा. आठवडे लागत, पण दुरुस्ती होत असे. आम्हा बहिःस्थांना पुस्तकं मिळाली, पण ही दुरुस्ती मिळाली नाही. अंतर बोस आणि फडक्यांच्या वाट्याला कितीतरी जास्त होतं, एकटेपण मात्र आमच्या वाट्याला जास्त आलं.

मग इंटरनेट आलं. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं 'स्वयम्' सुरू झालं, २०१८ मध्ये विद्यापीठांना ऑनलाइन पदव्या देण्याचे नियम झाले, आणि २०२० मध्ये टाळेबंदीनं सगळ्यांनाच पडद्यासमोर बसवलं. मानसशास्त्राच्या दूरस्थ एम.ए.कडे पुष्कळ लोक वळले. इग्नूच्या एम.ए.त तर दुसऱ्या वर्षी समुपदेशन मानसशास्त्र हा स्वतंत्र गट होता. प्रात्यक्षिकं, प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव हे सारं कागदावर होतंच. प्रश्न असा, की ते प्रात्यक्षिक पाहणारं, चूक दाखवणारं माणूस प्रत्येक ठिकाणी होतं का? समोरचा रडायला लागला तर किती वेळ गप्प बसायचं, हे चित्रफितीवरून दिसतं, पण येत नाही. पोहण्यावरचं पुस्तक वाचून कुकडीत उडी मारावी, तसं ते होईल.

कायद्यातही मोठी फट होती. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांसाठी १९९२च्या पुनर्वसन परिषद कायद्यानुसार नोंदणी आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागतं, नुसत्या एम.ए.वर ते पद लावता येत नाही. पण 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावू शके. २०२१ मध्ये संबद्ध आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि समुपदेशनासारखे व्यवसाय त्याच्या कक्षेत आले. त्याचाच आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगानं जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केले.

निर्णयामागचं कारण मला पटतं. शरीराला हात लावणाऱ्याला आपण प्रशिक्षणाचा दाखला मागतो, मग मनाला हात घालणाऱ्याला का मागू नये? पण आमच्या तालुक्यांतून पाहिलं, की दुसरी बाजूही दिसते.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. नेहमीच्या फेरीला गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. सरकारनं २०१७ मध्ये नवं गाव वसवून दिलं, पक्की घरं दिली. पण आषाढाचा पाऊस दरवर्षी येतो. त्या रात्री ज्यांना झोप लागत नाही त्यांच्याशी, त्यांच्याच बोलीत, कुणी बोलायचं? धरणानं उठवलेली गावं आहेत. आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं, ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. आईबापांपासून लांब आश्रमशाळेत राहणारी सहा-सात वर्षांची लेकरं आहेत. बिबट्याच्या भीतीनं उसाच्या कडेला राहणारी कुटुंबं आहेत. १० ऑक्टोबर २०२२ ला सरकारनं १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक सुरू केला, तिथं मराठीतही बोलता येतं. तो प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावा. पण फोन उचलायला सुद्धा आधी कुणीतरी शेजारी बसून धीर द्यावा लागतो.

पुण्यात महाविद्यालयांना तोटा नाही, त्यामुळे तिथल्या मुलीला या बंदीनं फार फरक पडणार नाही. घोडेगावच्या सुनेला पडेल. आणि उद्या माळीणच्या बाईसमोर बसायला पुण्याच्या मुलीपेक्षा ती सून जास्त उपयोगी आहे, कारण तिला तो पाऊस माहीत आहे.

म्हणून विचारणाऱ्यांना मी आता असं सांगते. शास्त्र वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. आयपीएचची मराठी व्याख्यानं ऐका, 'स्वयम्'वरचे धडे पाहा, एलिस वाचा, स्वतःच्या समजुती तपासा. पदवी हवी असेल तर प्रत्यक्ष वर्गाचीच घ्या, आणि प्रवेश घेताना एकच प्रश्न विचारा: 'माझं काम पाहून मला दुरुस्त कोण करणार?' त्याचं नीट उत्तर मिळालं नाही, तर पैसे भरू नका. आणि ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांना म्हणायचं ते एवढंच, की लांबचं दार बंद केलंत तर जवळ एक उघडा. जुन्नर, मंचर, घोडेगावला महाविद्यालयं आहेत, इमारती आहेत. शनिवार-रविवारी तिथं जाणती माणसं येऊन बसली, तर नोकरी सांभाळून, लेकरं सांभाळून शिकणारे येतील. आमच्याकडची माणसं रजा काढून परीक्षेला बसलेली आहेत, त्यांना कष्टांचं नवल नाही.