सूक्ष्मकेंद्रक चाचणी

प्रयोगशाळेतल्या उंदरांना एखादे रसायन देऊन त्याने गुणसूत्रांची मोडतोड होते का, हे त्यांच्या हाडांतील मगजावरून ताडण्याची पद्धत. कीटकनाशके, रंग, औषधे यांच्या जनुकीय विषारीपणाची पारख करताना ती सर्रास वापरतात.

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावात पिकावर जे फवारतात, त्याला शेतकरी 'औषध'च म्हणतो. त्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण फक्त तात्काळ विषारीपणा सांगतो. लाल त्रिकोणाचे रसायन किलोमागे 50 मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी पोटात गेले, तरी निम्मे प्रयोगप्राणी मरतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक जण दगावले, ते या तात्काळ विषबाधेने. गुणसूत्र तुटले तर मात्र ना उलटी होते, ना डोळे चुरचुरतात. त्याचा पत्ता त्रिकोणावर नसतो. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करताना दिलेल्या कागदपत्रांत तो शोधावा लागतो.

चाचणीची मेख तांबड्या पेशीच्या एका सवयीत आहे. सस्तन प्राण्यांत ही पेशी पिकताना आपले केंद्रक बाहेर टाकते. त्याआधी विभाजनात गुणसूत्राचा तुकडा मागे राहिला असेल, तर त्याचा वेगळाच ठिपका बनतो. केंद्रक जाते, ठिपका राहतो. रिकाम्या पेशीत तो लख्ख दिसतो. हेडल (1973) आणि श्मिड (1975) यांनी या ठिपक्यांच्या मोजणीला चाचणीचे रूप दिले. ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची 474 क्रमांकाची मार्गदर्शिका 1983 ची. 2014 च्या सुधारणेनंतर प्रत्येक उंदरामागे 2000 ऐवजी किमान 4000 कोवळ्या तांबड्या पेशी तपासाव्या लागतात. कोणती काचपट्टी कोणत्या गटाची, हे मोजणाऱ्याला कळू देत नाहीत.

तुलनेसाठी एका गटाला सायक्लोफॉस्फामाइड हे गुणसूत्रे तोडणारे ज्ञात रसायन देतात. यकृतात रूपांतर झाल्यावरच ते घातक ठरते. जिवंत प्राणी लागतो तो यासाठीही. जीवाणूंवरच्या एम्स चाचणीत यकृताची ही उणीव भरायला उंदराच्या यकृताचा अर्क घालतात.

ठिपके वाढले नाहीत, म्हणून रसायन निर्दोष ठरत नाही. ते मगजापर्यंत पोहोचले होते, याचा पुरावा हवा: कोवळ्या पेशींचे प्रमाण घटलेले किंवा रसायन रक्तात सापडलेले.

भारतात अशा प्रयोगांना 1960 च्या प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या चौकटीत नैतिक समितीची मंजुरी लागते. 2011 पासून भारत ओईसीडीच्या परस्पर-स्वीकृती व्यवस्थेत आहे. त्यामुळे पुण्याजवळच्या इन्टॉक्ससारख्या प्रमाणित प्रयोगशाळेचा अहवाल युरोपातही चालतो आणि तीच चाचणी नव्या उंदरांवर पुन्हा करावी लागत नाही.