अम्मी-अब्बा आणि मुलांचा खर्च : इन्कम टॅक्समध्ये काय वजा होतं, काय नाही

शाहूवाडी तालुक्यातल्या कितीतरी घरांत अम्मी-अब्बा गावी आणि कमावता मुलगा पुण्या-मुंबईला असतो. रिटर्न भरायची वेळ आली की हमखास विचारलं जातं, "घरातली पाच माणसं माझ्या कमाईवर आहेत, काही सूट मिळते का?"

नुसती माणसं अवलंबून आहेत म्हणून आपल्या देशात सूट मिळत नाही. आई-वडिलांना सांभाळणं आपल्यावर फर्ज आहे, पण दरमहा घरी पाठवलेले पैसे उत्पन्नातून वजा होत नाहीत. वजा होतात ते ठरावीक खर्च, आणि तेही जुनी करपद्धत निवडली तरच.

आधी हे पाहा

२०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नवीन पद्धतीत १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. एवढीच कमाई असेल तर पावत्या गोळा करण्याची धावपळ नको. त्याहून जास्त पगार असेल, तर दोन्ही पद्धतींनी हिशोब करून बघावा. जुनी पद्धत हवी असल्यास रिटर्न मुदतीतच भरावं लागतं.

जुन्या पद्धतीत काय मिळतं?

- आरोग्य विमा, कलम ८०डी : स्वतः, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं यांच्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत. आई-वडिलांसाठी वेगळे २५,०००. त्यांचं वय ६० किंवा जास्त असेल तर ५०,०००. सासू-सासरे यात येत नाहीत.
- विमा नसलेले वृद्ध आई-वडील : त्यांच्या औषधोपचाराचा खर्च याच ५०,००० मध्ये दाखवता येतो. मात्र पैसे रोख दिलेले नसावेत. समजा, अब्बांच्या ऑपरेशनचे ४५,००० रुपये यूपीआयने भरले, तर ते वजा होतील. तेच रोख दिले, तर पावती असूनही उपयोग नाही.
- शाळा-कॉलेजची फी, कलम ८०सी : दोन मुलांपर्यंत, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत. फक्त ट्यूशन फी धरतात; डोनेशन, बसभाडं, खासगी क्लास नाही.
- अपंग कुटुंबीय, कलम ८०डीडी : ४० टक्के अपंगत्वाला ७५,०००, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. अवलंबून असलेले भाऊ-बहीणही यात येतात. सरकारी दाखला लागतो.
- कॅन्सर, किडनी निकामी होणं असे ठरावीक आजार, कलम ८०डीडीबी : ४०,००० पर्यंत, रुग्ण ६० वर्षांचा किंवा मोठा असेल तर एक लाख. तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी हवी. विम्यातून मिळालेली रक्कम यातून कमी होते.

दोन गैरसमज

मुलाच्या नावावर एफडी केली की कर वाचतो, हा पहिला. अल्पवयीन मुलाच्या अशा ठेवीचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

दुसरा एचयूएफचा. एकत्र कुटुंबाचं वेगळं पॅन काढायची ही सोय मुस्लिम कुटुंबांना लागू नाही. चूल एक असली तरी प्रत्येक कमावत्याचं रिटर्न वेगळं.

खोटा दावा नको

"रिफंड काढून देतो" म्हणत कुणी न झालेला खर्च दाखवत असेल, तर साफ नकार द्या. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. रिटर्न आपल्या नावाचं, जबाबदारीही आपलीच. भाऊ-भाऊ मिळून अब्बांचा हप्ता भरत असाल, तर ज्याने जेवढा भरला तेवढाच त्याने दाखवावा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. वर दिलेले क्रमांक २०२५-२६ च्या रिटर्नसाठी आहेत. तोवर एक सवय लावून घेऊ या : दवाखान्याचे पैसे खात्यातून भरायचे आणि पावती जपून ठेवायची.