गाऱ्हाणे मांडणारे टाळ

डोंगरकडा ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांच्या वारकरी पंथाने लाखोंचा समुदाय लहान दिंड्यांतून सांभाळला. प्रत्येक दिंडीचा विणेकरी, टाळकरी, पंगत आणि खर्च स्वतंत्र. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. आज रथापुढे २७ दिंड्या चालतात, मागे त्याहून कितीतरी अधिक.

मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात शांतता पसरते. गाऱ्हाणे असलेल्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. एरवी एवढ्या गर्दीत तिला कोण विचारणार? चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, सर्वांदेखत निवाडा होतो. हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो. मग आरती.