दीडशे डॉलरांची कुत्री

महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. जर्मनीतील हे काम पाहून डोरोथी युस्टिस या अमेरिकन बाईंनी १९२७ साली लेख लिहिला. तो नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वडिलांनी वाचून दाखवला. पुढल्याच वर्षी तो बाईंकडे स्वित्झर्लंडला गेला. जाताना आगबोटीवर त्याला एखाद्या पार्सलाप्रमाणे सांभाळण्यात आले; परतला तो ‘बडी’ या कुत्रीसह. न्यूयॉर्कचा गजबजलेला रस्ता ओलांडून दाखव, असे वार्ताहरांनी आव्हान दिले. त्याने ते पार पाडले आणि बाईंना एका शब्दाची तार केली : ‘यश’.

कुत्रा अंधाला नेतो, असे आपण समजतो. ते तितकेसे खरे नाही. कुठे जायचे ते धनीच ठरवतो. समोर धोका असेल तेव्हा मात्र कुत्रा हुकूम मोडतो. हे मोडणेच शिकवायला सर्वांत कठीण, असे आम्हांस वाटते.

१९२९ साली दोघांनी ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापली. खर्चाचा मोठा भाग देणगीदार उचलतात. तरीही शिकायला येणाऱ्या अंधाकडून पहिल्या कुत्र्याचे १५० डॉलर घेतले जातात, तेही सवडीने. फुकट दिलेली वस्तू घेणाऱ्याला पुन्हा याचक करते, हे संस्थेने जाणले होते. १९३४ साली ठरलेली ही रक्कम पुढे दशकानुदशके वाढवलेली नाही.