वस्तू, पुरावा आणि अन्वयार्थ : सातारा-सांगली परिसरातील वारसा-मांडणीचा अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासाचे लेखन ग्रंथात होते, तसेच ते संग्रहालयाच्या दालनातही होते. इतिहासग्रंथांचा वाचकवर्ग मर्यादित असतो. संग्रहालयात मात्र शाळेच्या सहलीपासून देवदर्शनाच्या निमित्ताने आलेल्या कुटुंबापर्यंत सर्व थरांतील माणसे येतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत काचपेटीजवळच्या फलकावरील चार ओळी हेच त्या विषयाचे एकमेव वाचन ठरते. त्यामुळे त्या ओळी कोणत्या पुराव्यावर आणि कोणत्या हेतूने लिहिल्या गेल्या, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने गौण मानण्यासारखा नाही. प्रस्तुत लेखात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील तीन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

अन्वयार्थ-नियोजन : संकल्पना

संग्रहालयाचा अभिरक्षक वस्तूंचे जतन, नोंदणी आणि अभ्यास करतो. त्या वस्तूंतून प्रेक्षकापर्यंत कोणता अर्थ, कोणत्या क्रमाने व कोणत्या भाषेत पोहोचावा, याची आखणी करणे हे मात्र स्वतंत्र काम आहे. या कामासाठी मराठीत एकच रूढ संज्ञा नाही. येथे ते करणाऱ्यास अन्वयार्थ-नियोजक असे म्हटले आहे. येणारा प्रेक्षक कोण आहे हे जाणणे, दालनाचे सूत्र एका वाक्यात निश्चित करणे, पाहण्याचा मार्ग ठरविणे, मुख्य फलक, विभाग-फलक व वस्तू-फलक अशी मजकुराची उतरंड लावणे आणि फलक कायम करण्यापूर्वी सामान्य वाचकाकडून वाचवून घेणे, ही त्याची प्रमुख कामे होत.

अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या संदर्भात फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ मध्ये या विषयाची सहा तत्त्वे मांडली. निव्वळ माहिती म्हणजे अन्वयार्थ नव्हे. परंतु माहितीवाचून अन्वयार्थ संभवत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. पुढे २००८ मध्ये ‘इकोमॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने वारसास्थळांच्या अन्वयार्थाविषयी सनद स्वीकारली. तिच्या सात तत्त्वांत माहितीच्या साधनांची विश्वसनीयता, स्थळाचा संदर्भ, अस्सलपणा आणि सर्वसमावेशकता यांना स्थान आहे.

सातारा : वाघनखे आणि पुराव्याची मर्यादा

या तत्त्वांची कसोटी साताऱ्यात पाहावयास मिळाली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शित झाली. ती पाहण्यासाठी लोटलेल्या समुदायाच्या मनात १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडाखालील प्रसंग होता. तथापि हीच ती वाघनखे होत, हे सिद्ध करता येत नाही, अशी भूमिका खुद्द लंडनच्या संग्रहालयाने घेतलेली आहे. यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला.

या वस्तूचा ज्ञात इतिहास पुढीलप्रमाणे आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यानंतर जेम्स ग्रँट डफ याची साताऱ्यास नेमणूक झाली व १८२२ पर्यंत तो तेथे होता. मराठ्यांचा तीन खंडांतील इतिहास लिहिणारा तो हाच. त्याचा ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही वाघनखे त्याच्याकडून त्याच्या कुटुंबात आणि कुटुंबाकडून संग्रहालयात गेली. ज्या पेटीत ती ठेवलेली आहेत, तिच्यावरील लेखानुसार शिवाजी महाराजांनी यांच्या साहाय्याने मोगल सेनापतीस ठार केले आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती ग्रँट डफ यास साताऱ्याच्या मुक्कामात दिली. येथे एक दोष सहज नजरेत भरतो. अफजलखान मोगलांचा नव्हे, तर विजापूरच्या आदिलशाहीचा सेनापती होता. पेटीवरचा लेख लिहिणाऱ्यास मूळ प्रसंगाची नेमकी माहिती नव्हती, असा निष्कर्ष त्यातून निघतो. शिवाय प्रतापगडचा प्रसंग आणि ग्रँट डफची साताऱ्यातील नेमणूक यांत सुमारे १६० वर्षांचे अंतर आहे. या मधल्या काळात वस्तू कोणाकडे होती, हे पेटीवरील लेख सांगत नाही.

अशा वेळी नियोजकापुढे दोन सोपे मार्ग असतात. शंका दडवून वस्तू निःसंशय मूळची म्हणून दाखवावी, किंवा वस्तूच प्रदर्शनातून वगळावी. दोन्ही मार्ग प्रेक्षकावर अविश्वास दाखविणारे आहेत. तिसरा मार्ग तीन विधाने वेगळी ठेवण्याचा आहे. फलकाचा मजकूर असा असू शकेल : ‘ही वाघनखे ग्रँट डफ याच्या कुटुंबाकडून लंडनच्या संग्रहालयात आली. अफजलखानाच्या वधात हीच वापरली गेली, असे पेटीवरील लेख सांगतो. त्यास दुजोरा देणारा पुरावा अद्याप मिळालेला नाही.’ पहिले वाक्य पुराव्याचे, दुसरे परंपरेचे आणि तिसरे मर्यादेचे आहे.

अशा फलकाने लोकभावना दुखावेल, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी अनाठायी नाही. परंतु प्रतापगडच्या प्रसंगाचे ऐतिहासिक महत्त्व या एका वस्तूवर अवलंबून नाही. तो प्रसंग स्वतंत्र साधनांनी प्रस्थापित आहे. उलट, वस्तूविषयी निःसंशय म्हणून केलेला दावा उद्या कोसळला, तर त्याच दालनातील सप्रमाण विधानांवरही प्रेक्षक विश्वास ठेवणार नाही. शंका मोकळेपणाने सांगणे हे श्रद्धेचे खंडन नसून इतिहासाचे रक्षण होय.

प्रतापगडावर हेच तत्त्व व्यापक रूपात लागू पडते. १६५६ मध्ये बांधून झालेल्या या गडावरील अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरू यांच्या हस्ते ३० नोव्हेंबर १९५७ रोजी, संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या निदर्शनांच्या वातावरणात झाले. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांत प्रतापगड आहे. या गडावर सतराव्या शतकाइतकाच विसाव्या शतकाचाही इतिहास उभा आहे. मांडणीत दोहोंना स्थान हवे.

औंध : संग्रहामागील दृष्टी

सातारा जिल्ह्यातीलच औंधचा प्रश्न वेगळा आहे. तेथील श्री भवानी संग्रहालय औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी १९३८ मध्ये स्थापन केले. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्यासारख्यांची चित्रे, पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर यांचे ‘माता व बालक’ हे शिल्प एकाच छताखाली पाहावयास मिळते. येथे वस्तूंच्या मोलाविषयी शंका नाही. नेमकी हीच संपन्नता अडचणीची ठरू शकते. प्रेक्षक एकामागून एक चित्रे पाहत जातो. हे सर्व एका लहान संस्थानाच्या राजाने का जमविले, हा प्रश्न मात्र त्याच्या मनात उद्भवतोच असे नाही.

भवानराव स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. सूर्यनमस्कारांचे ते आग्रही प्रचारक होते. १९३९ मध्ये त्यांनी प्रजेस राज्यघटना देऊन आपले अधिकार ग्रामपंचायतींवर आधारलेल्या व्यवस्थेकडे सोपविले. महात्मा गांधींचे मार्गदर्शन तिला लाभले होते. कला, व्यायाम आणि स्वराज्य ही त्यांच्या दृष्टीने लोकशिक्षणाचीच अंगे होती, असे या कार्यावरून म्हणता येते. हे एक वाक्य दालनाचे सूत्र झाले, तर रविवर्म्याचे चित्र आणि संस्थानची घटना यांतील नाते प्रेक्षकाला उलगडू शकेल.

सांगली : वस्तूविना इतिहास

औंध संस्थान सलग नव्हते. त्याचे कुंडल आणि आटपाडी हे भाग आज सांगली जिल्ह्यात आहेत. जुन्या सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये विभाजन झाले आणि दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. म्हणजे औंधच्या दालनात सुरू होणारी कथा सांगली जिल्ह्यात पूर्ण होते.

आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे तिचीच प्रेरणा सांगितली जाते. कुंडल हे १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारचे महत्त्वाचे केंद्र होते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीने गावोगावी न्यायदान केले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील सहकाऱ्यांसह सांगलीच्या तुरुंगातून निसटले.

या स्थळी काचपेटीत ठेवण्याजोगे फार थोडे आहे. भिंत, माळ, गावचावडी आणि माणसांच्या आठवणी हीच येथील साधने. भूमिगत चळवळ कागद मागे ठेवत नाही. म्हणून मौखिक साधनांचे महत्त्व वाढते. त्या काळाचे साक्षीदार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले असल्याने हे काम लांबणीवर टाकता येणारे नाही. मात्र आठवण ही आठवण म्हणूनच मांडली पाहिजे आणि सरकारी दप्तरातील नोंद तिच्याशेजारी ठेवली पाहिजे. वाघनखांच्या बाबतीतला नियम येथेही तोच राहतो.

निष्कर्ष :

१. साताऱ्यात वस्तू प्रदर्शित झाली, परंतु पुरावा अपुरा आहे. औंधला वस्तू विपुल आहेत, परंतु त्यांना जोडणारे सूत्र सांगावे लागते. सांगली जिल्ह्यात इतिहास आहे, परंतु वस्तू थोड्या आहेत. तिन्ही ठिकाणी नियोजकाचे काम भिन्न आहे.

२. पुरावा, परंपरा आणि मर्यादा यांची सरमिसळ न करणे, हे तिन्ही ठिकाणी समान तत्त्व आहे.

३. औंध, कुंडल, आटपाडी आणि सांगली यांना जोडणारा एकत्रित आराखडा जिल्ह्याच्या सीमा ओलांडूनच करावा लागेल.

४. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक साधनांचे संकलन आणि फलकलेखन यांचा समावेश विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यात केल्यास या कामास स्थानिक मनुष्यबळ मिळू शकेल.

संग्रहालयात आलेल्या विद्यार्थ्याने ‘हे कशावरून?’ असे विचारावे आणि त्याचे उत्तर त्याला त्याच फलकावर मिळावे, यातच अशा मांडणीचे यश आहे.