दुधनी : नात्यातील लग्ने आणि आनुवंशिक आजार

* दुधनी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटक सीमेला लागून. कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही कानांवर पडतात. मामाच्या मुलीशी लग्न ही या पट्ट्यातली जुनी रीत. थॅलेसेमिया, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांत आईवडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसूनही सदोष जनुक बाळगणारे) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के. नात्यातील लग्नांत दोघे वाहक निघण्याचा संभव वाढतो. मात्र रीतीलाच नावे ठेवली, तर कोणी ऐकून घेत नाही. लोकांनी ऐकावे, तर आधी लोकांचे ऐकावे लागते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी सिकलसेल शोधला, पण आदिवासींच्या लेखी तो तातडीचा प्रश्न नव्हता. पुढे त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने लोकांना विचारून संशोधनाचे विषय ठरवले. दुधनीतही आधी घरच्या बायकांना विचारावे, त्यांच्याच भाषेत. रक्ततपासणी लग्न ठरण्यापूर्वी व्हावी. – संपादक