चेंडूबरोबर आलेले शब्द : जपानच्या बेसबॉलची कहाणी

परकी भाषा शाळेंत शिकविली जाते. परंतु ती अंगवळणीं पडते ती बहुधा शाळेबाहेर. पुस्तकांतील शब्द घोकावा लागतो, खेळतांना कानीं पडलेला शब्द मात्र आपोआप जिभेवर बसतो. या अनुभवाचें ठळक उदाहरण जपानच्या इतिहासांत सांपडतें. तेथें इंग्रजीचे कित्येक शब्द बेसबॉलच्या मैदानावरून आणि पुढें रेडिओवरील वर्णनांतून घरोघर पोंचले. मात्र त्यांचा प्रवास सुखाचा झाला नाहीं.

इ. स. १८७२ मध्यें होरेस विल्सन नांवाच्या अमेरिकन शिक्षकानें टोकियोच्या एका सरकारी शाळेंत आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकविला. ही शाळा पुढें टोकियो विद्यापीठांत समाविष्ट झाली. हिराओका हिरोशी हे अमेरिकेंत शिकून आलेले रेल्वेचे इंजिनियर. त्यांनीं १८७८ मध्यें शिंबाशी येथें संघ काढला. हवेंत वळणारा चेंडू जपानला प्रथम दाखविण्याचें श्रेयहि त्यांनाच दिलें जातें. खेळ शिकावयाचा म्हणजे त्याची भाषाहि शिकणें ओघानेंच आलें.

पण ही भाषा शिकणाऱ्यास चकविणारी होती. 'स्ट्राइक' म्हणजे मारणें, असें कोश सांगतो. परंतु फलंदाजानें बॅट हालविली नाहीं तरीहि पंच 'स्ट्राइक' पुकारतो. ज्यानें मारलें नाहीं त्याच्या नांवावर मारणें कां लिहावें? याचें उत्तर कोशांत नाहीं, खेळाच्या नियमांच्या इतिहासांत आहे. प्रारंभीं फटका मारूं जाऊन तो हुकला, तरच 'स्ट्राइक' धरीत. पुढें फलंदाज मनाजोगता चेंडू मिळेपर्यंत एकामागून एक चेंडू सोडून देऊं लागले. तेव्हां १८५८ मध्यें, चांगला चेंडू सोडणाऱ्यावरहि पंचानें 'स्ट्राइक' पुकारावा, असा नियम झाला. मग चेंडू फेकणारेहि वाईट चेंडू टाकून फलंदाजास सतावूं लागले. त्यांना आळा घालण्यासाठीं १८६३ मध्यें 'बॉल' पुकारण्याची पद्धत आली. असे चार 'बॉल' झाले कीं फलंदाजास पहिला तळ आयताच मिळतो. ही चाराची संख्या १८८९ मध्यें ठरली. 'पिच' या शब्दाचीहि तीच कथा. प्रथम चेंडू खालून टाकीत. अमेरिकेच्या नॅशनल लीगनें १८८४ मध्यें खांद्यावरून फेकण्याची मोकळीक दिली. क्रिया पार बदलली, शब्द तोच राहिला.

या परक्या शब्दांना देशी रूप देण्याचें काम एका कवीनें अंगावर घेतलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. हायकू या काव्यप्रकाराला नवें जीवन देणारे मासाओका शिकी हे तरुणपणीं बेसबॉलचे वेडे होते. क्षयानें त्यांना मैदान सोडावें लागलें. १८९६ मध्यें 'निप्पोन' या वृत्तपत्रांतील आपल्या लेखमालेंत त्यांनीं हा खेळ समजावून सांगितला आणि फलंदाजासाठीं 'दाशा', धांवणाऱ्यासाठीं 'सोशा' असे शब्द योजिले. हे शब्द आजहि जपानी वर्णनांत ऐकूं येतात. खेळाचें 'याक्यू', म्हणजे मैदानी चेंडू, हें नांव चूमा कानाए यांनीं १८९४ मध्यें सुचविलें होतें. खेळणें अशक्य झालेला माणूस खेळाला शब्द देऊन १९०२ मध्यें वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं निघून गेला. तोफ डागणारा 'गोलंदाज' क्रिकेटच्या मैदानावर आणून बसविणाऱ्या मराठी भाषेला या खटपटीचें मोल सहज समजेल.

देशी शब्द आले म्हणून इंग्रजी शब्द गेले नाहींत. दोन्ही शेजारीं नांदूं लागले. १३ ऑगस्ट १९२७ रोजीं ओसाका केंद्रानें कोशिएन मैदानावरील शालेय स्पर्धेचें वर्णन प्रक्षेपित केलें. जपानांतील हें पहिलें क्रीडावर्णन. मैदान न पाहिलेल्यांच्या कानींहि आतां 'स्ट्राइक', 'बॉल', 'आउट' हे शब्द पडूं लागले. २० नोव्हेंबर १९३४ रोजीं शिझुओका येथें सतरा वर्षांच्या सावामुरा एइजी यानें पाहुण्या अमेरिकन संघाच्या गेरिंजर, बेब रूथ, गेरिग आणि फॉक्स या चार नामांकित फलंदाजांना लागोपाठ बाद केलें. सामना जपाननें एका धांवेनें गमावला, पण सावामुराचें नांव सर्वतोमुखीं झालें.

पुढें युद्ध पेटलें आणि शब्दहि शत्रु ठरले. १९४३ मध्यें व्यावसायिक सामन्यांतून इंग्रजी पुकारे हद्दपार झाले. 'स्ट्राइक'ऐवजीं 'योशी', म्हणजे ठीक, आणि 'बॉल'ऐवजीं 'दामे', म्हणजे वाईट, असें पंचांस म्हणावें लागलें. रशियांत जन्मलेल्या व्हिक्टर स्टार्फिन या प्रख्यात खेळाडूला तर १९४० मध्येंच आपलें नांव टाकून 'सुदा हिरोशी' हें जपानी नांव घ्यावें लागलें होतें. शब्द बदलून चेंडूची गति बदलली नाहीं, कीं युद्धाचीहि. १९४४ च्या डिसेंबरांत सैनिक सावामुरा ज्या जहाजावर होता तें बुडविलें गेलें आणि तो गेला. वयाचीं अठ्ठावीस वर्षेंहि त्याला पुरीं करतां आलीं नाहींत.

युद्ध संपल्यावर थोड्याच महिन्यांत, २३ नोव्हेंबर १९४५ रोजीं, टोकियोंत व्यावसायिक खेळाडू पुन्हां मैदानांत उतरले. इंग्रजी शब्दहि परतले. मात्र तोंवर ते पुरते जपानी झाले होते. तेथें 'सुतोराइकु' म्हणजे खेळांतील पुकारा आणि 'सुतोराइकी' म्हणजे कामगारांचा संप : एका इंग्रजी शब्दाचीं हीं दोन जपानी अपत्यें. चेंडू फलंदाजाच्या अंगास लागला तर जपानी म्हणतो 'डेड बॉल'. इंग्रजींत त्याचा अर्थ खेळांतून बाद झालेला चेंडू, एवढाच. वेगवान चेंडूस तो 'स्ट्रेट' म्हणतो, रात्रीच्या सामन्यास 'नाइटर'. एवढ्या भांडवलावर अमेरिकेंत गेलेला जपानी विद्यार्थी पहिल्याच सामन्यांत गोंधळून जाईल. जपानांत 'स्ट्राइक' आधीं आणि 'बॉल' मागून मोजीत. व्यावसायिक सामन्यांत हा क्रम २०१० मध्यें अमेरिकेप्रमाणें उलट करण्यांत आला. तोंपर्यंत दोन देशांत एकच आंकडे ऐकून दोन निरनिराळे अर्थ निघत.

मैदानावर शिकलेली भाषा जिवंत असते, तशीच ती आपल्या वळणानें वाढणारीहि असते. म्हणून तिच्यावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्यानें कोशहि जवळ ठेवावा. आणि कोशावर विसंबणाऱ्यानें, 'स्ट्राइक'चा अर्थ शोधण्यासाठीं, अधूनमधून मैदानावर जावें. हुकुमानें शब्द मारतां येत नाहीं. बेसबॉलच्या शब्दांना कवीनें घर दिलें, सत्तेनें तें हिरावूं पाहिलें. पण ज्या मुलांनीं तो शब्द खेळतां खेळतां उच्चारला, त्यांच्या तोंडून तो कोणास काढून घेतां आला नाहीं.